अंदाजे केदारनाथ

केदारनाथला जायचं ठरलं की माणूस आधी काय करतो? नामस्मरण वाढवतो, पहाटे चालायला लागतो, ही उत्तरं पुस्तकी आहेत. तो आधी दोनशे पानी वही विकत आणतो. निदान पुण्यातला माणूस तरी आणतो. काशीला जाईन जाईन असं नुसतं रोज म्हटलं तरी पुण्य लागतं म्हणतात. मग रोज बसून जमाखर्च मांडणाऱ्याला त्यावर थोडं व्याज मिळायला हरकत नसावी. त्या हिशेबानं मी गेली अकरा वर्षं केदारनाथला जातो आहे. वही तिसरी चालू आहे.

मुळात इतक्या लांब कशाला, हा मुद्दा मी पहिल्या वहीच्या पहिल्याच पानावर मांडला होता. बारा ज्योतिर्लिंगांपैकी त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर आणि घृष्णेश्वर ही तीन एस.टी.च्या टप्प्यात. परळी आणि औंढा धरली (आणि मराठवाड्याच्या माणसासमोर ती धरावीच लागतात) तर पाच. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट झाली आणि मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा मी हा मुद्दा तिसऱ्या वहीत पुन्हा घेतला. अर्ध्या तिकिटात पाच महादेव! सौभाग्यवतीनं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘‘अहो, आपण देव बघायला निघालोय की सेल?’’ तेव्हापासून ते पान मी चिकटवून टाकलं आहे.

तारीख ठरवणं हे खर्च ठरवण्यापेक्षा अवघड. केदारनाथची दारं कधी उघडणार हे महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतं. हिवाळाभर वर बर्फ, म्हणून देवाची पूजा तिथं खाली चालते. दारं उघडतात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आणि मिटतात भाऊबीजेला. महाशिवरात्रीपासून दारं उघडेपर्यंत साधारण नऊ आठवडे जातात. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी मिळायला लागलं. म्हणजे देवानं तारीख सांगितल्यावर पहिल्या दिवसाचं दर्शन धरायचं तर घरातल्या माणसांचं एकमत चार-पाच दिवसांत व्हायला हवं. आमच्या घरात चार-पाच दिवसांत पडद्याच्या रंगावर होत नाही.

बरं, मे महिन्यात गर्दी फार. जुलै-ऑगस्टात दरडी. सप्टेंबर बरा म्हणतात, पण सप्टेंबरात गणपती, त्यातच गौरी, त्या उठतात न उठतात तोच पितृपक्ष. त्यानंतर नवरात्र, हिचे घट बसतात, तिला उंबरा ओलांडता येत नाही. दसऱ्यानंतर कोजागिरी. असं करत करत आमच्या वाट्याला कोजागिरी ते वसुबारस एवढेच दिवस उरले. वर्षातून तेवढ्या दहा-बारा दिवसांतच आम्ही महादेवाला मोकळे सापडतो, आणि त्या सुमारास तोही दारं मिटून खाली निघायच्या तयारीत असतो.

आता खर्च. पुणे ते दिल्ली, दिल्ली ते हरिद्वार. इथं पहिली ओळ लिहितानाच हात अडखळला. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. मी साठ वर्षांचा झालो त्याच वर्षीच्या जुलैत. आयुष्यभर लोकांना सवलतीत जाताना पाहिलं आणि माझा पाय पायरीवर पडणार तोच शिडी काढून घेतली. सौभाग्यवती म्हणते, यात वैयक्तिक काही नसावं. तिला बायकांच्या बाजूनं बोलायला काय जातं, तिला अर्धी एस.टी. आहे.

मधे एका यात्रा कंपनीचं पत्रक आलं. ‘सर्व समाविष्ट’ असं वर ठळक, आणि मागल्या बाजूला मुंगीच्या अक्षरात जे समाविष्ट नाही त्याची यादी: घोडा, डंडी, हेलिकॉप्टर, गरम पाणी, दरड कोसळल्यास जादा मुक्काम, पूजा आणि दुपारचा चहा. म्हणजे दमणं तेवढं समाविष्ट होतं. चिरंजिवांनी मग सगळं एक्सेलमध्ये घालून दिलं. त्यात एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात, हे पाहून मला धडकीच भरली. वहीत कसं, एका ओळीचं दुःख त्या ओळीपुरतं राहतं.

ऋषिकेशापासून पुढं दोनशे किलोमीटरवर सोनप्रयाग. तिथपर्यंत मोठी गाडी. तिथून गौरीकुंडापर्यंत पाच किलोमीटर स्थानिक जीप. आणि गौरीकुंडाहून सोळा किलोमीटर आपले पाय. गौरीकुंड समुद्रसपाटीपासून साडेसहा हजार फुटांवर, देऊळ साडेअकरा हजारांच्याही वर. म्हणजे पाच हजार फुटांचा चढ. सिंहगड पायथ्यापासून धरला तर दोनएक हजार फूट. तेव्हा एका दमात अडीच सिंहगड, आणि वर मडक्यातलं दही नाही. शिवाय तिथल्या हवेत प्राणवायू खालच्या मानानं दोन तृतीयांश. श्वासात एक तृतीयांश कपात आणि तिकीट मात्र पुरं!

जुन्या पुस्तकांत ही वाट चौदा किलोमीटरची आहे. दोन किलोमीटर वाढले ते जून २०१३ नंतर. त्या १६ आणि १७ तारखेला वरचं चोराबारी तळं फुटलं, मंदाकिनी आपली वाट सोडून आली, आणि रामबाडा नावाचं चहापाण्याचं, विसाव्याचं ठिकाण होतं ते वाहून गेलं. हजारो माणसं गेली. देवळामागं एक अवाढव्य शिळा येऊन अडली, तिच्यापाशी लोंढा दुभंगला आणि देऊळ राहिलं. आता वाट रामबाड्यापाशी नदी ओलांडून पलीकडच्या अंगानं चढते. वहीत प्रत्येक टप्प्यापुढं मी चहा, बिस्किटं, विश्रांती असं काहीबाही लिहिलं आहे. या दोन किलोमीटरांपुढं काही लिहिवलं नाही. ती ओळ कोरी आहे.

खरा वाद घोड्यावरून झाला. घोडा आपला म्हणायचा, बहुतेक खेचरंच असतात. सौभाग्यवतीच्या गुडघ्यांचा विचार करून मी ‘घोडा, नग १’ अशी नोंद केली होती. ती दुसऱ्या दिवशी खोडलेली दिसली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडलेली.

‘‘अहो, सोळा किलोमीटर मुक्या जनावराच्या पाठीवर बसून जायचं, आणि वर गेल्यावर नंदीच्या पाया पडायचं?’’ ती म्हणाली. ‘‘त्याला काय वाटेल?’’

याला उत्तर नव्हतं. मग मी हेलिकॉप्टरचं पान उघडलं. फाट्याहून, सिरसीहून किंवा गुप्तकाशीहून ते उडतं आणि काही मिनिटांत वर नेऊन सोडतं. पण त्याच्या नियमात ऐंशी किलोच्या वर वजन असेल तर दर किलोमागं जादा पैसे असं वाचलं, आणि घरातल्या सगळ्यांच्या नजरा एकदम माझ्याकडं वळल्या. मी वजनाची बाब ‘किरकोळ’खाली घातली. चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, ती किरकोळ नाही.’’

सौभाग्यवतीनं मात्र सराव सुरू केला. रोज पहाटे पर्वती. शंभरावर पायऱ्या आहेत. पहिल्या आठवड्यात एकदा, पुढं दोनदा, मग तीनदा. लोकरीची टोपीही सवय व्हावी म्हणून मे महिन्यात घालून जायची. तिथं रोज येणारे लोक आधी हसले, मग चौकशी करायला लागले, आणि केदारनाथला चाललो आहोत हे कळल्यावर देणग्या सुरू झाल्या. ‘आमच्या नावानं देवापुढं ठेवा’ म्हणून कुणी अकरा रुपये, कुणी एकवीस. पुतणीनं तर मोबाइलवरून एकशे एक पाठवले आणि खाली शेरा मारला, ‘देवासाठी, काकांसाठी नाही.’ हे सगळे पैसे वेगळ्या पाकिटात, वेगळ्या पानावर. आमच्या अंदाजपत्रकात आत्तापर्यंत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम तेवढीच, आणि तीही दुसऱ्याची.

पन्नाशीच्या पुढच्यांनी जाण्याआधी प्रकृती दाखवावी, म्हणून आम्ही दोघं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी हिचे गुडघे दोन-चारदा वाकवून पाहिले आणि म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही जा. काठी न्या.’’ मग माझ्या छातीवर नळी ठेवली. आत एखादी मैफल चालू असावी इतक्या तन्मयतेनं ते ऐकत राहिले. मैफल त्यांना आवडली नाही. कार्डिओग्राम झाला, आणखी एक तपासणी झाली, एक गोळी सुरू झाली. ‘‘जाऊच नका असं नाही म्हणत,’’ ते म्हणाले, ‘‘पण वर जायच्या आधी एक मुक्काम खाली करा, चढ दोन दिवसांत करा, आणि धाप लागून थांबेना तर तिथूनच मागं फिरायचं. देऊळ समोर दिसत असलं तरी.’’

परत येताना रिक्षात कुणी काही बोललं नाही. रिक्षाचे पैसे यात्रेच्या खर्चात धरायचे की घरखर्चात, एवढंच मी विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वही उघडली तर ती माझी राहिली नव्हती. बायकी, गोल अक्षरात नोंदी होत्या. मुक्कामाच्या दोन रात्री वाढवल्या होत्या. ‘हरिद्वारला साडी’ खोडली होती. ‘माझा चष्मा (नवा)’ यावर रेघ मारून ‘दिवाळीनंतर’ असं लिहिलं होतं. जमेच्या बाजूला भिशीचे चोवीस हजार आले होते, जी भिशी म्हणे फ्रीजसाठी होती. आणि खर्चाच्या बाजूला शेवटची ओळ: ‘डंडी, यांच्यासाठी. लागली तर.’

डंडी म्हणजे खुर्चीसारखं बसायचं आणि चार माणसांनी खांद्यावरून न्यायचं. खेचराची दया येणारी बाई मला चार माणसांच्या अंगावर घालायला निघाली होती. मी म्हणालो, ‘‘चौघांच्या खांद्यावरून जायला मला अजून अवकाश आहे.’’

हा विनोद घरात कुणालाच आवडला नाही. चिरंजीव उठून बाल्कनीत गेले. ती वही मिटून आत गेली आणि बराच वेळ कणीक मळत राहिली. चार पोळ्यांना लागते त्याच्या तिप्पट कणीक होती.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त तहसीलदारांचं म्हणणं, घाई करू नका, थांबा. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला मंजुरी दिली: १२.९ किलोमीटर आणि वर पोचायला ३६ मिनिटं. खर्च ४,०८१ कोटी २८ लाख. तो आकडा वाचून मला सरकारबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. हजारो कोटी मांडून झाल्यावर खाली अठ्ठावीस लाख कुणीतरी आठवणीनं लिहिले आहेत. तो माणूस नक्की वहीवाला असणार. पण रोपवे आधी होतो की माझं हृदय आधी निर्णय घेतं, यावर तहसीलदारांना पैज लावायला सांगितली तर ते हळूच विषय बदलून पाण्याच्या टाकीवर आले.

आपल्याकडं यात्रेचं अंदाजपत्रक कधी बरोबर आलेलं नाहीच म्हणा. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले. मधेच बंडाचा वणवा पेटला, जवळ होतं ते लुटलं गेलं, आणि घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. ‘माझा प्रवास’ वाचताना मला राहून राहून वाटतं, निघताना त्यांनीही कुठंतरी मागच्या पानावर बेरीज केली असेल. जमेच्या बाजूला दक्षिणा. खर्चाच्या बाजूला झाशीचा वेढा कोण लिहिणार?

तर सध्या परिस्थिती अशी आहे. गोळीनं फरक आहे. मी पर्वतीवर निम्म्यापर्यंत जातो, तिथं बसतो, ती वर जाऊन येते आणि येताना माझी नाडी बघते. डंडीची ओळ आहे तशीच आहे. मी ती खोडलेली नाही, फक्त तिच्यापुढं शिसपेन्सिलीनं ‘चढताना’ लिहिलं, तर तिनं त्यापुढं ‘किंवा उतरताना’ असं लिहून ठेवलं. साठ दिवसांचं आरक्षण उघडायला अजून तीन आठवडे आहेत.

परवा वहीच्या अगदी पहिल्या पानावर, चिकटवलेल्या पानाच्याही आधी, एक नवी नोंद दिसली: ‘मावंदं, माणसं ४०. हॉल सांगून ठेवणे. आगाऊ रु. २,०००.’ यात्रेहून परतल्यावर घालायचं जेवण, आणि ते तिकिटांच्याही आधी! मी म्हटलं, ‘‘अगं, अजून निघालो नाही आपण. आगाऊ रक्कम परत मिळत नाही.’’

‘‘म्हणूनच दिली,’’ ती म्हणाली. ‘‘आता यावंच लागेल परत. दोघांना.’’

दोन हजार मी ‘किरकोळ’मध्ये टाकायला निघालो होतो, पण तिनं त्यांना वेगळं पान दिलं आहे. पक्वान्न काय करायचं यावर एकमत नाही. मी जिलबी म्हणतो. डॉक्टरांनाही बोलावलंय, तेव्हा त्यांच्यादेखत तुम्हाला जिलबी मिळणार नाही, असं तिचं म्हणणं आहे.