आकडा जुळला पाहिजे

"ताई, आकडा जुळला पाहिजे. वरच्या नोंदीत आधीच शंभर टक्के गेलंय." पेण तालुक्यातल्या खारेपाटातल्या एका ग्रामपंचायतीत हे वाक्य ऐकलं. आज आठवलं तरी चीड येते.

काम साधं होतं. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 ध्येयं ठरवली, 2030 ची मुदत घातली. पुढे न्यूयॉर्कसारख्या शहराने 2018 मध्ये स्वतःचा आढावा जगापुढे मांडला, आपल्याकडे भोपाळने 2023 मध्ये. गावांसाठी केंद्राने तीच ध्येयं 9 विषयांत बसवली: जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, आरोग्यदायी गाव वगैरे. त्यावर पंचायत विकास निर्देशांक काढायचा. आमच्या गटाने पेण आणि रोह्यातल्या काही ग्रामपंचायतींना माहिती गोळा करायला आणि ती ग्रामसभेपुढे ठेवायला मदत करायची, एवढंच ठरलं होतं.

1 मेची ग्रामसभा. एरवी कोरम जमायची मारामार, पण त्या दिवशी बायका आल्या होत्या, कारण पाण्याचा विषय आहे हे आशाताईंनी आधीच घरोघर सांगितलं होतं. मी एकेक मुद्दा वाचत होते. घरगुती नळजोडणी असलेली कुटुंबं: 100 टक्के. एक आजी उठल्या. "नल हाय, पन पानी नाय. आता काय लिवाचा तो लिव." मग सगळ्याच बोलू लागल्या. पाणी किती दिवसांनी येतं, रात्री किती वाजता येतं, शेवटच्या आळीत का पोचत नाही, टँकरला कोण पैसे भरतं. शहापाडा धरणाचं पाणी उन्हाळ्यात पुरत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा. तो मी वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरची एक सून म्हणाली, "घरात माणसं सात. हंडे मोजा आमचे."

मी प्रपत्रावर लिहिलं: जोडणी आहे, नियमित पाणी नाही. ग्रामसभेने त्याला संमती दिली, इतिवृत्तात नोंद झाली. आणि माहिती संगणकावर भरायची वेळ आली तेव्हा सुरुवातीचं ते वाक्य ऐकायला मिळालं. पाण्याच्या रकान्यात दुसऱ्या खात्याचा आकडा आधीच बसलेला होता. आमचा त्याच्याशी जुळत नव्हता, म्हणून आमचा चुकीचा. मी विचारलं, सभेचं इतिवृत्त जोडू का? त्याला जागा नाही. शेरा लिहू का? त्यालाही जागा नाही. मग सभा कशाला बोलावली? यावर कुणी काही बोललं नाही.

हा अन्याय मला पाण्याच्या टंचाईपेक्षा मोठा वाटतो. टंचाईला निदान टँकर तरी पाठवता येतो. ज्या गावाच्या नावापुढे 100 टक्के लागले, ते गाव पुढच्या आराखड्यात कोणत्या तोंडाने पाणी मागणार? 'हर घर जल' प्रमाणित करायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हणजे शासनाच्या स्वतःच्याच नियमात गावाचा शब्द शेवटचा आहे. इथे मात्र गावाचा शब्द नुसता ऐकून सोडून दिला.

आणि हे पेणमध्ये घडलं! हेटवणे धरण याच तालुक्यात आहे, त्याचं पाणी जलवाहिनीतून नवी मुंबईच्या सिडको वसाहतींना जातं. याच हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सप्टेंबर 2008 मध्ये महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर शासनाने लोकांचा कौल घेतला होता. रांगा लावून शेतकऱ्यांनी मत दिलं आणि शासनाने तो निकाल अधिकृतपणे जाहीरच केला नाही. सभेनंतर एक आजोबा मला तेच सांगत होते. "तवापन इचारला होता."

ग्रामसेवकांवर मी तेव्हा फार रागावले होते. आता हुद्द्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात. पण एकाच माणसाकडे दोन-दोन गावांचा कारभार, करवसुली, घरकुलं, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि वरून शेकड्यांनी मुद्दे असलेलं हे प्रपत्र. त्यांनी वरच्या आकड्याशी भांडावं अशी अपेक्षा कोणत्या जोरावर करायची? रागाला पात्र ती रचना, जिने वेगळा आकडा म्हणजे चूक असं आधीच ठरवून टाकलं आहे.

रोह्यात उलटं झालं. डोंगरउतारावरच्या एका कातकरी वाडीत आम्ही 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी गेलो, तर बहुतेक घरांना कुलपं. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात, परततात ती पावसाच्या तोंडावर. पटावर मुलांची नावं होती, म्हणून बालस्नेही गावाच्या रकान्यात पटनोंदणी पूर्ण. मुलं कुठे होती? आईबापांबरोबर भट्टीवर. त्या वाडीचं म्हणणं सांगायला सभेत कुणीच नव्हतं, त्यामुळे वादही झाला नाही. पेणमध्ये माणसं होती म्हणून आकडा खोटा ठरला. इथे तो खोटा ठरवायलाही कुणी नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आढावा कोणत्या महिन्यात घेता यावर तो खरा की खोटा हे ठरतं. जानेवारीत घेतला तर खारेपाटाचे नळ अजून थोडेफार वाहत असतात आणि कातकरी वाडी रिकामी असते. दोन्हीकडचं दुखणं एकदम झाकलं जातं. पाण्याची मोजणी मेमध्ये करा. आदिवासी वाड्यांची सभा 15 ऑगस्टच्या सुमाराला लावा, लावणी आटोपून माणसं घरी असतात तेव्हा. सभा वाडीवर घ्या, पंचायतीच्या कार्यालयात नको. आणि प्रपत्रात ग्रामसभेच्या आकड्यासाठी वेगळा रकाना ठेवा. दोन आकडे शेजारी शेजारी दिसू देत, त्यांतला फरक हाच खरा आढावा.

इतकं सगळं पाहून हे निर्देशांक बंद करा असं मी म्हणायला हवं, आणि त्या मे महिन्यात मी ते म्हणतही होते. पण 2022-23 च्या माहितीवरचा पहिला निकाल 2025 मध्ये लागला, तेव्हा देशातली एकही ग्रामपंचायत सर्वांत वरच्या श्रेणीत नव्हती. म्हणजे सगळेच आकडे फुगवलेले नाहीत, कुठेतरी कुणीतरी खरं लिहितं आहे. शिवाय त्या ग्रामसभेतल्या बायकांना 55 लिटर हा त्यांचा हक्काचा आकडा पहिल्यांदा याच कागदामुळे कळला. त्यांनी पाणीपुरवठ्याच्या अर्जात तो लिहिला आणि खाली सह्या, अंगठे केले. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या मेमध्ये प्रपत्र भरायला मला बोलावलं तर मी जाणार आहे, आणि इतिवृत्ताची प्रत पंचायत समितीत पोच घेऊन देणार आहे.