निळा की हिरवट निळा?

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांमधून घरे रंगवायला काढतात. पूर्वी चुन्यात नीळ कालवली की काम भागे. कुणी मोरचूद घाली, मग तोच निळा जरा हिरवट होई. आता दुकानदार शेडकार्ड पुढे करतो आणि त्यातले असे जवळजवळचे दोन रंग माणसाला कोड्यात टाकतात.

यंदा मुलीच्या अभ्यासाच्या खोलीसाठी आमच्याकडेही हाच प्रश्न आला. नात्यातले एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "हिरवटच घ्या. निळ्याने आल्यागेल्याला लगेच कळते." काय कळते, ते त्यांनी सांगितले नाही, सांगायची गरजही नव्हती. उलट मंडळातल्या एका तरुणाचे म्हणणे, "आपण निळाच लावला पाहिजे."

मला दोन्ही सल्ले पटले नाहीत. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे बाबासाहेबांबरोबर भरदिवसा महाडच्या चवदार तळ्यावर चालत गेली. १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निळा झेंडा आपल्याच माणसांनी उघड मिरवला. त्यांच्या नातवंडांनी भिंतीचा रंग भीतीपोटी निवडायचा? आणि दर्शनी भिंतीवर तथागत व बाबासाहेबांची तसबीर असताना रंगाने लपणार ते काय? पण निष्ठाही भिंतीच्या रंगावर मोजायची नसते. खोलीत बसणार मुलगी, तेव्हा निवड तिची.

दोन्ही रंगांचे हातभर चौकोन भिंतीवर लावून आम्ही ते वाळू दिले. भर दुपारी दोन्ही सारखेच वाटत. पिवळ्या बल्बखाली हिरवट रंग अधिकच हिरवा दिसे. खोलीला खिडकी एकच, तीही माडांच्या सावलीत. तिथे तो मळकट वाटू लागला. मुलीने फिकट निळा पसंत केला. म्हणाली, "बाबा, याने खोली उजळ वाटते. वाचायला बरे." मंडळातला तरुण खूष झाला, पण मुलीचे कारण वेगळे होते.

आपल्या किनाऱ्यावरची हवा खारी आणि दमट. भिंतीत ओल असेल तर कोणत्याही रंगाचे पोपडे निघतात, म्हणून आधी गळती बंद करून भिंत नीट वाळू द्यावी. मग रंग ठरवावा. नुसत्या कार्डावरून नको आणि लोकांच्या नजरेवरूनही नको. दोन चौकोन लावा, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाहा आणि त्या खोलीत जो राहणार, त्याला विचारा.

जयभीम!