तारांकित माणसं

आमच्या घरात एक अडकित्ता आहे. आजोबांच्या वेळचा. सुपारी खाणारी माणसं एकेक करून गेली, उरलेल्यांना डॉक्टरांनी बंदी घातली. पण अडकित्ता आहे. औषधाची गोळी अर्धी करायला, सुतळीची गाठ तोडायला तो लागतो. म्हणजे निवृत्त झाल्यापासून तो अधिकच उपयोगी पडू लागला. माणसांच्या बाबतीत असं क्वचित घडतं. माझ्या बाबतीत तरी घडलेलं नाही, यावर आमच्या घरात एकमत आहे.

असाच एक अडकित्ता कॉम्प्युटरच्या दुनियेत आहे. त्याचं नाव फॉक्सप्रो. हजेरीपट, पगारपत्रकं, खतावण्या मांडायचं आणि त्यांचे प्रोग्राम लिहायचं हे हत्यार. नव्वदीच्या दशकात तारापूर एमआयडीसीत मी ज्या ज्या कारखान्याच्या हपिसात डोकावलो, तिथं तिथं ते होतं. कुठं कापड रंगवणाऱ्यांचा ओव्हरटाइम, कुठं रसायनांची पिंपं, कुठं पोलादाच्या सळ्यांची चलनं. माल वेगवेगळा, पडदा मात्र तोच निळा.

त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात वेन रॅटलिफ नावाचे एक गृहस्थ जेपीएल या अवकाश संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करीत. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मनात मंगळ-गुरू नव्हते; त्यांना फुटबॉलच्या पैजा जिंकायच्या होत्या. आकडेवारी मांडायला म्हणून त्यांनी घरीच एक प्रोग्राम लिहिला. पुढं तो 'डीबेस टू' या नावानं बाजारात आला. 'डीबेस वन' कधी नव्हताच! थोरल्याचा पत्ता नाही आणि हा धाकटा म्हणून मिरवतोय. विकणाऱ्या कंपनीचं नाव अ‍ॅश्टन-टेट. त्यातले टेट होते. अ‍ॅश्टन नावाचे भागीदार नव्हतेच. इतक्या भक्कम पायावर जगाचे हिशेब उभे राहिले! मग ओहायोतल्या फॉक्स कंपनीनं त्याच चालीचं, पण कितीतरी चपळ हत्यार बनवलं, आणि १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं फॉक्स कंपनीच घेऊन टाकली.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमचं विद्यापीठ बोईसर स्टेशनच्या फलाटावर भरे. पालघर ते बोईसर म्हणजे मध्ये फक्त उमरोळी. जेमतेम दहा-बारा मिनिटांचा प्रवास. पण संध्याकाळी परतीची शटल येईपर्यंत तेवढ्यात एक पदवी पुरी व्हावी. वेगवेगळ्या कारखान्यांतले पाच-सहा फॉक्सप्रोवाले तिथं जमत. मी हिशेबनीस, म्हणजे त्यांच्यात निम्माच. पण ऐकायला बसे. खिशातून फ्लॉप्या निघत. "तुझा बोनसचा प्रोग्राम दे, माझा ग्रॅच्युइटीचा घे," असा रोकडा व्यवहार. मालक एकमेकांचे स्पर्धक होते. त्यांचे पगारपट मात्र सख्खे भाऊ होते.

आणि सूचना! फॉक्सप्रोत काय काय असायला हवं, यावर रोज ठराव. रकान्याचं नाव दहा अक्षरांत बसवावं लागे. एक जण म्हणे, "अहो, दहा अक्षरांत माझं आडनाव मावत नाही, प्रॉव्हिडंट फंड काय मावणार?" दुसऱ्याला हवं होतं की, साहेब केबिनमधून उठले, की बेरीज आपोआप वर यावी. बिल गेट्सनं एक संध्याकाळ बोईसरच्या फलाटावर काढली असती, तर त्याचं आणि जगाचं कल्याण झालं असतं, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

त्यानं ती काढली नाही. मार्च २००७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की नवव्या आवृत्तीनंतर दहावी निघणार नाही. जगभरचे फॉक्सप्रोवाले हळहळले. स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळींनी 'मासफॉक्सप्रो' नावाची सह्यांची मोहीम काढली. 'मास' म्हणजे 'आणखी'. आमच्यातल्या सातपाटीच्या गड्याला वाटलं, कोळी समाजानं मनावर घेतलंय. आता काम होणार! झालं नाही. जानेवारी २०१५ मध्ये उरलीसुरली डागडुजीही थांबली. पण 'व्हीएफपीएक्स' या नावाखाली जगभरची हौशी मंडळी आपल्या पदरमोडीनं त्याला नवनवी अवजारं जोडतच राहिली. पोर दत्तक जावं, तसं ते हत्यार कंपनीच्या घरून वापरणाऱ्यांच्या घरी आलं.

आता त्याच्या पोटातली एक गंमत सांगतो. फॉक्सप्रोत एखादी नोंद 'डिलीट' केली, की ती जात नाही. तिच्या कपाळावर फक्त एक तारा लागतो. 'सेट डिलीटेड ऑन' म्हटलं, की तारेवाल्या नोंदी दिसेनाशा होतात, असतात तिथंच. भावकीत अबोला असला म्हणजे चुलतभाऊ समोरून गेला तरी आपल्याला दिसत नाही, त्यातलाच प्रकार. 'रिकॉल' म्हणा, तारा पुसला जातो, भाऊ पुन्हा भाऊ होतो. खरं मरण वेगळ्या हुकुमात आहे: 'पॅक'. तो दिला, की तारेवाले सगळे कायमचे गेले.

आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसचे जुने प्रमुख होते. त्यांची सक्त ताकीद होती, की पॅक करायचं नाही. कारण कॉम्प्युटरचं नव्हतं, भाताचं होतं. विक्रमगड-जव्हारकडचे कामगार पाऊस पडला, की भातलावणीला गावी जात. हजेरीपटातून नाव कमी होई. पिकं घरात आली, की माणूस दारात हजर. "शेतावर गेलेला माणूस पुसायचा नसतो," असं ते म्हणत. जूनमध्ये तारा, दिवाळीनंतर रिकॉल.

पुढं नवं सॉफ्टवेअर आलं. चकचकीत, महागडं. त्यात कामावर असलेल्यांचीच नावं भरली, गेलेल्यांची कशाला? जुनी रजिस्टरं गोदामात होती. त्यांतली निम्मी पावसानं वाचली, निम्मी वाळवीनं.

२०१९ मध्ये विक्रमगडकडचे एक मामा त्या कारखान्याच्या दाराशी आले. वय अठ्ठावन्न. तीन कारखान्यांत मिळून बारा वर्षं नोकरी. त्यातली सात इथली, १९९६ ते २००३. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ही सात नसती, तर मामांच्या हाती पेन्शन नव्हती. पैसे कापले होते, भरलेही होते. पण खातं कोणतं? नव्या सॉफ्टवेअरनं सांगितलं, असा माणूस इथं कधी नव्हताच. नवी यंत्रं नम्र असतात, पण ठाम.

मग आमच्या फलाट-विद्यापीठाच्या एका निवृत्त पदवीधराला निरोप गेला. तो आला. जुना कॉम्प्युटर तर केव्हाच भंगारात गेला होता; पण त्यातल्या फाइलींची नक्कल कुणीतरी ठेवली होती. त्यानं नव्या कॉम्प्युटरवर डॉसबॉक्स चढवला, म्हणजे नव्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर जागा केला. निळा पडदा उघडला. 'सेट डिलीटेड ऑफ'. आणि तारेवाल्यांच्या गर्दीत मामा उभे! खातेनंबर, लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सगळ्यासकट.

मामांनी पडद्याला बोट लावून विचारलं, "साहेब, माझ्या नावाआधी ही चांदणी कसली?"

"काम सोडल्याची, मामा."

"मग ऱ्हाऊ द्या की. चांगली दिसते."

त्यानं नोंद छापून दिली, कारखान्यानं शिक्का मारला, आणि काही महिन्यांनी मामांची पेन्शन सुरू झाली. रक्कम फार नव्हती. पण विक्रमगडहून बोईसरपर्यंत जितके हेलपाटे घातले होते, त्यांचं भाडं तरी वसूल होऊ लागलं.

हल्ली कुणी तरुण इंजिनियर भेटला आणि "कसली जुनी अडगळ सांभाळता?" म्हणाला, की मी वाद घालत नाही. नवं आणावं, जरूर आणावं. एवढंच विचारतो, की बाबा रे, कुणाकुणाची वर्षं त्या अडगळीत आहेत, ते बघून घेतलंस ना? कंपनीनं फॉक्सप्रोच्या नावाआधी तारा लावला, तो तिचा हक्क. पॅकचा हुकूम मात्र, ज्यांच्या फाइली आहेत त्यांच्याच हातात राहिला.

मीही निवृत्त आहे. कुठल्याशा फाइलीत माझ्याही नावाआधी तारा लागलेला असणार. माझी काही तक्रार नाही. सकाळी गॅसचं पुस्तक सापडेना, की घरात माझ्या नावानं रिकॉल होतोच.