सरकारी घरातले अण्णा

आमच्या अण्णांची नोकरी हिशेबाची, पण हात मिस्त्रीचे. अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. वसाहत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची, त्यामुळे एकाच जिन्यावर तमिळ, पंजाबी, बंगाली, मराठी अशी सगळी बिऱ्हाडं. नळ गळला की तक्रार लिहायला ऑफिसात वही असे. अण्णांनी तिच्यात कधी ओळ लिहिली नाही.

फोर्टातलं ऑफिस सुटलं की ते लोहार चाळीतून वायर-होल्डर, नागदेवी स्ट्रीटवरून कानस नाहीतर पटाशी घेत आणि मशीदला हार्बरची गाडी पकडत. आम्हां भावंडांना अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून त्यांनी भिंतीला बिजागऱ्यांवर टेबल बसवलं. रात्री ते मिटलं की तिथेच गाद्या पडत. आजीसाठी मोरीत धरायला दांडी ठोकली, आईच्या उंचीला मांडणी खाली आणली. "निवृत्तीला रिकामं करायचं घर, एवढं कशाला राबता?" आई म्हणायची. अण्णा म्हणत, "पोरं आत्ता राहतात ना इथे?"

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद. अण्णा फोर्टातून चालत निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. तळमजल्यावरच्या घरांत चिखल शिरलेला. कपडे बदलून ते सगळ्या दारांवर आधी एकच गोष्ट सांगत फिरले: वीज आली तरी भिजलेलं काही चालू करू नका. ओल्या मोटारीला करंट दिला की तिचं वाइंडिंग जळतं, हे किती जणांना ठाऊक असतं? मग मिक्सर, पंखे वर आमच्याकडे आले. अण्णा एकेक मोटार उघडत, स्वच्छ पाण्याने चिखल काढत, पुसत. ऊन नव्हतंच. वीज आल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात शंभरचा बल्ब लावून त्याच्या उबेला मोटारी ठेवल्या. मी मुलगी म्हणून त्यांनी मला बाजूला बसवलं नाही. स्क्रू ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने ते वर्तमानपत्रावर मांडून ठेवायचं काम माझं. पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत. काही मोटारी वाचल्या नाहीत, तेव्हा मात्र त्यांना फार वाईट वाटलं.

निवृत्तीनंतर आम्ही डोंबिवलीला गेलो. क्वार्टरचा ताबा देण्याआधी अण्णांनी सगळ्या नळांचे वॉशर बदलले, खिडक्यांच्या कड्या घट्ट केल्या. येणारं बिऱ्हाड त्यांच्या ओळखीचंही नव्हतं. टेबल त्यांनी भिंतीलाच राहू दिलं. त्या घरातही शाळेत जाणारी मुलं असतील, म्हणाले.

अण्णा आता नाहीत. त्यांची हत्यारं माझ्याकडे आहेत आणि ती वापरात आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी असा कुणी हाताने काम करणारा जाणता माणूस असेल, तर सुट्टीत मुलांना त्याच्याजवळ बसवा. मुलींनाही.