शिवणारे हात, मिरवणारे खांदे : घरगुती कॉस्प्लेचा इतिहास (थ्रेड)

जुलै १९३९. न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले होते. जमलेली मंडळी सुमारे दोनशे, बहुतेक तरुण आणि बहुतेक कोट-टायमध्ये. त्या गर्दीत लॉस एंजेलिसहून आलेले दोघेच जण भविष्यकाळाचा पोशाख करून वावरत होते. त्यांपैकी फॉरेस्ट ॲकरमन २२ वर्षांचे होते. सगळेच असे काहीतरी घालून येतील, अशी त्यांची समजूत होती. दुसरे कोणीही आले नाही.

कॉस्प्लेचा इतिहास बहुधा याच प्रसंगापासून सांगितला जातो आणि त्यात ॲकरमनच पुढे असतात. पण ते दोन्ही पोशाख घडवले होते सोबतच्या मर्टल डग्लस यांनी. विज्ञानकथेच्या चाहत्यांमध्ये त्या ‘मोरोजो’ या एस्पेरांतो वळणाच्या टोपणनावाने ओळखल्या जात. ‘थिंग्ज टू कम’ (१९३६) हा चित्रपट आणि फ्रँक पॉल यांची मासिकांतील चित्रे हा त्यांचा नमुना. पडद्यावरच्या वेशांचे निरीक्षण करायचे, कापड बेतायचे आणि शिवायचे, एवढीच ती प्रक्रिया होती.

हे त्या काळाला धरूनच होते. महामंदीच्या वर्षांत अमेरिकेतील असंख्य घरांत कपडे घरीच शिवले जात. १९३२ पासून ‘हॉलिवूड पॅटर्न’ या नावाने कागदी बेतांची पाकिटे अवघ्या १५ सेंटांना मिळू लागली होती. पाकिटावर नटीचे छायाचित्र असे. पडद्यावरचा झगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उतरवण्याची ही सवय आधीच रुळलेली होती. मोरोजो यांनी ती भविष्यकाळाकडे वळवली. कॉस्प्लेचे मूळ शोधताना इतिहासाची पाने जेवढी चाळली जातात, त्याच्या निम्म्याने जरी शिवणकामाच्या टोपल्या धुंडाळल्या गेल्या असत्या, तर हे नाव एवढे मागे पडले नसते.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम झाला. पहिले बक्षीस डेव्हिड काइल यांना, ‘फ्लॅश गॉर्डन’मधल्या क्रूर मिंगच्या वेशासाठी. हा वेश तयार केला होता लेस्ली पेरी यांनी. घडवणारी एक, मिरवणारा दुसरा, हा सिलसिला दुसऱ्याच वर्षी पक्का झालेला दिसतो.

१९४१ च्या डेन्व्हर संमेलनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. मोरोजो तेथे ए. मेरिट यांच्या कादंबरीतील बेडूकमानवाचा मुखवटा घालून आल्या. तो बनवला होता २१ वर्षांच्या रे हॅरीहाउझन यांनी. पुढे ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मधले तलवारधारी सांगाडे पडद्यावर हलवणारे हेच ते. त्यांची सुरुवातही घरातलीच होती. गुहेतल्या अस्वलाची बाहुली त्यांनी आईच्या फर कोटापासून बनवली. त्यांच्या परीकथांच्या लघुपटांसाठी आई बाहुल्यांचे कपडे शिवत असे, वडील त्यांच्या आतले धातूचे सांगाडे घडवत. एका कलावंतामागे उभे असलेले हे अख्खे घर मोरोजो यांच्या शिवणकामापेक्षा फारसे निराळे नव्हते.

अर्थात घरात हाताशी असलेली प्रत्येक वस्तू कामाची नसते. १९७२ च्या लॉस एंजेलिस संमेलनात एक तरुण व्यंगचित्रकार अंगाला शेंगदाण्याचे लोणी फासून रंगमंचावर आला. त्यानंतर वेशभूषा स्पर्धांत ‘शेंगदाण्याचे लोणी नको’ असा नियमच रूढ झाला.

‘कॉस्प्ले’ हा शब्द या सगळ्याच्या पुष्कळ नंतरचा. १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांनी जपानी मासिकात ‘कोसुपुरे’ हा जोडशब्द वापरला आणि तोच जगभर गेला.

आता मुंबईच्या कॉमिक कॉनला पहिल्यांदाच निघालेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडे वळू. त्यांच्या फोनवर काही हजारांचा तयार वेश दिसत असतो आणि तो परवडत नाही म्हणून जायचेच राहून जाते. शाळेच्या विविध वेशभूषा स्पर्धेने आपल्याला ड्रेसवाल्याकडून भाड्याने वेश आणायची सवय लावली, हेही एक कारण असावे. प्रत्यक्षात गणपतीची आरास करणाऱ्या घरात निम्मे साहित्य असतेच : पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रे, मैद्याची खळ, बेगड.

पात्र निवडताना लांबून नुसत्या आकारावरून ओळखू येईल असे निवडावे. बारीक नक्षी गर्दीत कोणाला दिसत नाही. आधी वर्तमानपत्र अंगावर लावून चिलखताचा बेत कापावा. कागद चुकला तर रद्दीत जातो, फोम चुकला तर पैसे जातात. पातळ फोम हेअर ड्रायरच्या उष्णतेने मऊ होतो आणि वाकवून धरला की थंड झाल्यावर तो आकार टिकवतो. हे खिडकी उघडी ठेवून आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावे. कटरचे पाते नवे हवे, कारण बोथट पात्याने फोम कापला न जाता फाटतो. रंगाआधी पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात द्यावेत. नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. झग्यासाठी आईची जुनी साडी (विचारूनच!) आणि आधी कच्चा धावदोरा.

परदेशातील अनेक स्पर्धांत नवशिका, कारागीर, उस्ताद अशा श्रेणी असतात, त्यामुळे पहिलटकराची गाठ पहिलटकराशीच पडते. २००३ साली नागोयात सुरू झालेल्या ‘वर्ल्ड कॉस्प्ले समिट’च्या स्पर्धेत तर वेश स्वतः घडवलेलाच लागतो. इतरत्र, बाह्या आजीने जोडून दिल्या असतील आणि ढालीचा पुठ्ठा दादाने कापला असेल, तर प्रवेशअर्जावर आजीचे आणि दादाचे नाव लिहायला जागा नसते. ते पाठीमागे लिहावे.