तारकर्लीहून सुरतेतल्या उधन्याला

तारकर्ली, सोमवार

ती. बाबा आणि आईस,


सुखरूप पोहोचले. डुमसच्या किनाऱ्यावर गेलो की बाबा, तुम्ही सांगता, हा गाळ आपल्या खानदेशातून तापीबरोबर आलाय. त्या गाळाने आणि आखाताच्या जबर भरती-ओहोटीने सुरतेचा समुद्र सदा गढूळ, म्हणून पाण्याखालचं शिक्षण घ्यायला इतक्या दक्षिणेला यावं लागलं.

आज मालवणला जाऊन सिंधुदुर्ग पाहिला. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी 1664 ची. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. आपण राहतो त्या शहराचा विचार तटावर सारखा येत होता.

किल्ल्याच्या आसपास पर्यटक स्कूबा करतात. प्रशिक्षक त्यांना धरून खाली नेतो. श्वास घेत राहणं एवढंच त्यांचं काम. अनुभव सुंदर, पण त्याने पाणबुड्या होता येत नाही. मी पर्यटन महामंडळाच्या इथल्या स्कूबा संस्थेत ‘ओपन वॉटर’ हा पहिला पूर्ण अभ्यासक्रम करतेय.

तारकर्ली, बुधवार

आई, तू काळजी करतेस म्हणून सविस्तर लिहिते. आधी 200 मीटर पोहून दाखवायचं, मग दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं. त्यानंतर तलावात सराव. पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना फुगते. श्वास कोंडला तर फुप्फुसाला इजा होते. उतरताना नाक दाबून हलकेच फुंकायचं, म्हणजे कान दुखत नाहीत.

मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकाने फुंकून काढायला शिकवतात. हवा संपली असं समजून जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घ्यायला लावतात. पाण्यात शिरण्याआधी दोघांनी एकमेकांचं जाकीट, वजनं, बकल, हवा तपासायची. इथे कुणी एकटं उतरत नाही, आई.

तारकर्ली, शनिवार

बाबा, समुद्रातले चारही डाइव्ह झाले. प्रत्येक वेळी वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, म्हणजे अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. आता मला जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जाता येईल.

पुढची पायरी ‘ॲडव्हान्स्ड’: पाच डाइव्ह, होकायंत्रावर दिशा शोधणं, 30 मीटरपर्यंत खोली. त्यापुढे ‘रेस्क्यू’. त्यात खोली वाढत नाही. घाबरलेल्याला शांत करायचं, बेशुद्ध माणसाला वर आणायचं, प्रथमोपचार करायचे. नंतर ‘डाइव्हमास्टर’, त्याला वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत आणि इतरांना पाण्यात नेण्याची जबाबदारी घ्यावी लागते. सुरुवातीला आपल्याला कुणी सांभाळतं, मग आपण स्वतःला सांभाळतो, शेवटी दुसऱ्याला. किती मीटर गेले हे सगळे विचारतील. मला मात्र ‘रेस्क्यू’पर्यंत पोहोचायचंय.

धाकट्याला सांगा, ओपन वॉटरला दहा वर्षं पूर्ण असली की पुरे, म्हणजे तोही बसतो. या उन्हाळ्यात त्याला पोहायला घाला आणि दहा मिनिटं तरंगायचा सराव करून घ्या. पावसाळ्यात इथलं डायव्हिंग बंद असतं. दिवाळीनंतर मी त्याला घेऊन येईन.

तुमची,
ताई