गुडघ्याची गोळी पोटाला भोवते!

मैत्रिणींनो, हळदीच्या डब्याइतकीच घरात हाताशी असलेली वस्तू कोणती, सांगा बरं? दुखण्याची गोळी! आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीत बायका दिवसभर चिखलात वाकतात, की संध्याकाळी गोळी ठरलेली. गावात राहणाऱ्या आपलं निमित्त निराळं, गोळी तीच.

माझ्या सासूबाई गुडघ्यांसाठी दोन वर्षं रोज डायक्लोफेनॅक घेत. "एवढीशी गोळी काय करते मले?" म्हणायच्या. पोट कधी दुखलं नाही. पण चेहरा पांढरा पडला, जिना चढताना धाप लागू लागली. शौचाला डांबरासारखं काळं होतंय, हे मात्र लाजेपोटी त्या कुणाला बोलल्या नाहीत. एके सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात दुर्बिणीने पाहिलं, तर जठरात व्रण आणि त्यातून रक्तस्राव! दोन पिशव्या रक्त द्यावं लागलं.

असं का होतं? शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यामुळे सूज आणि दुखणं वाढतं. पण तीच जठराचं अस्तर आम्लापासून राखतात. ॲस्पिरिन ही द्रव्यं तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकचंही तसंच. म्हणून जेवणानंतर घेतली किंवा इंजेक्शन घेतलं, तरी धोका पुरता टळत नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. वय साठीपुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टिरॉइड चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नको. गुडघ्याची एक आणि कंबरेची दुसरी, अशा दोन एकदम तर नकोतच. नावं वेगळी असली तरी जात एकच असू शकते. रोज घ्यावीच लागली, तर सोबत पोट राखणारं औषध हवं का, ते विचारा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, बरं का! पण ते डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर तडक दवाखाना गाठा.

आता सासूबाई डॉक्टरांच्या सल्ल्याने गुडघ्याला मलम लावतात, खुर्चीवर बसून पायांचा व्यायाम करतात. दुखणं थोडं उरलंय, पण चेहऱ्यावर रंग आलाय. तुमच्या सासूबाईंना, आईला आजच विचारा, "कोणती गोळी घेता? किती दिवसांपासून?" आणि शौचाचंही विचारा. त्या आपणहून सांगायच्या नाहीत.